सासूबाईंची नवी कवळी

दातमास्तरांना गावात खऱ्या नावाने कुणी ओळखत नसे. ते दातांचे डॉक्टर नव्हते आणि मास्तर तर मुळीच नव्हते. डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे घेत, ते साचे मास्तरांकडे येत आणि मास्तर आपल्या दुकानवजा खोलीत बसून त्यावर कवळ्या घडवत. मेणात दात बसवणं, गुलाबी हिरडी ओतणं, कानशीने घासणं, चकाकी आणणं, सगळं एकहाती. बाजारात समोरून कुणी हसत आलं की मास्तर माणसाकडे नंतर बघत, दातांकडे आधी, आणि बऱ्याचदा ते दात त्यांचेच निघत. हे सुख काही थोडं नव्हतं. पण स्वतःच्या ताटातलं गोड लागेल तर तो माणूस कसला? मास्तरांना साडूच्या ताटात डोकावायची खोड होती.

साडू म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करायचा. गावात लिफ्ट होत्या दोन, एक कायम बंद आणि दुसरीत भीतीने कुणी पाऊल टाकत नसे. तेव्हा तो बायकोला घेऊन मोठ्या शहरात गेला. 'महिन्याभरात शेपूट घालून परत येईल,' असं मास्तर चारचौघांत म्हणाले होते. साडू परत आला तो चार-पाच वर्षांनी, सुपरवायझर होऊन, स्वतःच्या गाडीतून. सासूबाईंना ताप भरला होता, त्या आपल्या दोन खोल्यांत एकट्याच असायच्या. 'तिकडे डॉक्टर चांगले आहेत,' असं म्हणत त्याने त्यांची पेटी उचलली आणि त्यांना घेऊन गेला. सासूबाईंना आपल्याकडे ठेवून घ्यावं असं मास्तरांच्याही मनात होतं. पण मास्तरांच्या मनातलं बाहेर यायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात साडूची गाडी सुरू व्हायची.

त्यानंतर मास्तरांच्या घरात फोन म्हणजे एक दुखणंच झालं. "ताई, इथे नळाला दिवसभर पाणी असतं गं!" "ताई, खिडकीतून अख्खं शहर दिसतं!" बायको मुद्दाम आवाज मोठा करून ऐकायची आणि आतल्या खोलीत मास्तरांच्या कानशीचा वेग वाढायचा. एका बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या पुढच्या दातांचं त्या पायी पार वाटोळं झालं, ते पुन्हा बसवावे लागले.

मग एक दिवस फोनवर साडूच आला. शहरात दातांची मोठी लॅब होती, त्या इमारतीची लिफ्ट तो बघायचा, आणि तिथल्या बाईंकडे त्याने मास्तरांसाठी शब्द टाकला होता. "या एकदा, बघून जा," तो म्हणाला. "नाहीतर तिथेच म्हातारे व्हाल."

"जाऊ या," बायको म्हणाली.

"तिथे आपल्याला कोण ओळखतं?"

"इथे ओळखतात त्याचं काय मोठं कौतुक? भाजीवाली मला कवळीवाल्याची बायको म्हणते."

"तिथे काहीच म्हणणार नाहीत."

"तेच तर हवंय मला."

मास्तरांनी सगळी हत्यारं काढून पाहिली. तिथे धूर फार. इथे धूळ काय कमी आहे? तिथे आजारी पडलो तर शेजारी दार उघडत नाही. "इथले शेजारी दार बंदच करत नाहीत, ते काय बरं आहे?" बायको म्हणाली. तिथे खोल्या लहान. "आपल्या मोठ्या आहेत का?" दर वेळी मास्तरच तोंडघशी पडले. खरं कारण त्यांनी सांगितलंच नाही. शहर त्यांनाही हवं होतं. तिथे यंत्रं नवी होती, काम भरपूर होतं, आणि गावात आता तरुण डॉक्टर साचे परस्पर शहरातच पाठवू लागले होते. पण साडूने लावलेल्या शिडीवरून वर चढायचं, आणि वर तोच हात द्यायला उभा असणार, हे त्यांना सोसवत नव्हतं. दुसऱ्या कुणी बोलावलं असतं तर ते पायात चप्पल न घालता गेले असते.

शेवटी बायकोने बॅग भरली तेव्हा ते 'नुसतं बघायला' म्हणून निघाले.

साडू त्याच्या इमारतीखाली घ्यायला आला होता. लिफ्टमध्ये शिरल्यावर त्याने बोट वर केलं. "आवाज येतोय का? नाही ना? माझ्या हाताखालची लिफ्ट आहे." मास्तरांना मनापासून वाटलं की ही लिफ्ट आत्ता, याच क्षणी, मध्येच अडकावी. स्वतःही आत आहोत याचं त्यांना भान नव्हतं. लिफ्ट मात्र लोण्यातून सुरी जावी तशी बाराव्या मजल्यावर गेली.

दार सासूबाईंनी उघडलं आणि लेकीला बघून त्या तोंडभर हसल्या. मास्तर सवयीने दातांकडे बघायला गेले आणि उंबऱ्यातच थबकले. ते दात त्यांचे नव्हते.

"नवी कवळी केली," सासूबाई म्हणाल्या. "यांच्या ओळखीच्या त्या मोठ्या लॅबमधून. यांनीच हट्ट धरला. जुनी सैल झाली होती म्हणे."

"तुमची होती चांगलीच," साडू म्हणाला, "पण आता जमाना बदलला ना, साडूसाहेब."

चहाबरोबर दाणे आले. सासूबाईंनी दाणे कुडुमकुडुम चावले, बोलल्या, हसल्या, आणि कवळी इकडची तिकडे झाली नाही. मास्तरांनी उचललेला दाणा बशीत परत टाकला. त्यांच्या मागे त्यांच्या सासूचे दात काढून कुणीतरी दुसरेच बसवले होते! घर, गाडी, सुपरवायझरी, सगळं एक वेळ पचलं असतं. दात म्हणजे मास्तरांचा प्रांत होता, आणि साडू तिथेही घुसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे खाली फिरायला गेले. मास्तरांनी पाय दुखत असल्याचं सांगितलं, आणि सासूबाई आंघोळीला गेल्या. कवळी बेसिनवर वाटीत पाण्यात होती. मास्तरांनी ती उचलली, पुसली आणि खिडकीपाशी नेली. आधी बोट फिरवलं, मग उजेडात धरली, मग उलटी केली. एखादा दात वाकडा, एखादी धार खरखरीत, हिरडीवर एखादा बुडबुडा, काहीतरी सापडलं असतं तर माणूस सुखाने चहा प्यायला असता. काही सापडलं नाही. दाढा दाढांवर अशा बसत होत्या की मधून केस जाऊ नये. इतकी चांगली कवळी मास्तरांनी आयुष्यात दोन-तीनदाच केली होती, आणि त्याही योगायोगाने.

इतर लोक खिशात पेन ठेवतात तशी मास्तर खिशात छोटी कानस ठेवत. त्यांनी ती काढली. डाव्या बाजूच्या मागच्या दोन दाढांवरून चार-सहा वेळा फिरवली. कागदाच्या जाडीएवढं घासलं गेलं असेल. बघणाऱ्याला काही कळणार नाही, पण चावताना कवळी एका बाजूला कलेल आणि डुगडुगेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. भुकटी फुंकून त्यांनी कवळी वाटीत ठेवली. हात मुळीच थरथरला नव्हता, आणि त्याचीच त्यांना नंतर जास्त लाज वाटली.

नाश्त्याला टोस्ट होते. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. गाल हाताने दाबला. दुसरा घास घेतला, तोही तसाच. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी टोस्ट चहात बुडवला आणि मऊ करून गिळला.

"काय झालं आई?" मेहुणीने विचारलंच.

"काही नाही गं. वय झालं. जबडाच आटत चाललाय माझा, कवळी तरी काय करणार."

साडूचा चेहरा पडला. मास्तरांना वाटलं होतं, हे बघून गार वाटेल. नाही वाटलं. म्हातारी स्वतःच्या जबड्याला दोष देत चहात टोस्ट भिजवत होती.

"मी नेतो लॅबमध्ये," ते एकदम म्हणाले. "नाहीतरी जायचंच होतं." घासलेलं परत भरून येत नाही, आणि त्यांच्याकडे इथे ना मेण होतं ना दाढा. ज्यांचं काम बिघडवलं त्यांच्याच दारात जाणं भाग होतं.

लॅबच्या बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. त्यांनी कवळी बोटांत फिरवली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि विचारलं, "हे कुणी घासलं?"

"का?"

"कारागिराचा हात आहे. नेमकं जिथे बिघडतं तिथेच घासलंय."

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण मास्तरांच्या चेहऱ्यावर तर लख्ख ऊन पडलं. "मी," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"चांगली झाली होती." बाई बघतच राहिल्या, म्हणून त्यांना पुढचंही बोलावं लागलं. "मला बघवली नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कवळी पुढे पाठवली आणि मास्तर तिच्या मागे निघाले. लांबलचक हॉलमध्ये टेबलांच्या रांगा होत्या. एका टेबलावर फक्त साचे ओतत होते, दुसऱ्यावर फक्त पुढचे दात, तिसऱ्यावर फक्त दाढा. एक मुलगी दिवसभर नुसती चकाकी आणत होती. मास्तरांनी दाढांच्या टेबलापाशी विचारलं, "ही कवळी कुणी केली होती?"

"कुणी म्हणजे?" तो माणूस म्हणाला. "सगळ्यांनी."

मास्तरांनी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. ज्याच्यावर जळायचं तो माणूसच जागेवर नव्हता. इथल्या कुणी सासूबाईंना पाहिलं नव्हतं, आणि त्या समोरून हसत आल्या असत्या तरी कुणाला काही वाटलं नसतं. तरी कवळी मास्तरांच्या हातच्यापेक्षा चांगली झाली होती. हे काही केल्या त्यांच्या डोक्यात बसेना.

दुपारी कवळी परत देताना बाई म्हणाल्या, "नोकरी हवी असेल तर सोमवारपासून या. पण घासायच्या टेबलावर नाही बसवणार तुम्हाला."

घरी सगळे वाट बघत होते. सासूबाईंनी कवळी बसवली, सफरचंदाची फोड घेतली आणि करकरून चावली. मग दुसरी घेतली.

"बसली! अगदी बसली!" त्या म्हणाल्या. "शेवटी थोरल्या जावयाचा हात लागावा लागला. शहरातले असतील मोठे, पण जावईबापूंच्या हाताला तोड नाही."

बायकोने मास्तरांकडे असं बघितलं, जसं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायची. साडूचं तोंड एवढंसं झालं. याच घटकेसाठी मास्तर इतकी वर्षं जळले होते. आता मूग गिळून बसलं की झालं, घटका त्यांचीच होती. पण समोर म्हातारी खुशीने तिसरी फोड उचलत होती.

"आई, मी काहीच केलं नाही," ते म्हणाले. "दुरुस्त त्यांनी केली. बिघडवली मी होती. सकाळी, कानशीने."

बायकोचा हात तोंडावर गेला. "अहो, पण का?"

"फार चांगली होती म्हणून."

साडू आता पेटेल असं सगळ्यांना वाटलं. तो खुर्चीत मागे टेकला आणि विचित्र आवाजात म्हणाला, "मग माझंही ऐका. जुनी कवळी सैल झालीच नव्हती. डॉक्टर नाही, मीच तसं म्हणालो. रोज जेवायला बसलं की आईंचं सुरू, थोरल्यांनी केलेली कवळी बघा कशी, थोरल्यांचा हात बघा कसा. घर माझं, ताट माझं आणि कौतुक तुमचं! किती दिवस ऐकायचं माणसाने?"

सासूबाईंनी हळूच कवळी काढली आणि बशीत ठेवली. गाल आत गेले, पण शब्दन् शब्द कळला.

"तोंड माझं," त्या म्हणाल्या. "आणि त्यात झेंडे लावले तुम्ही दोघांनी. सैल होते का, हे मला विचारलंत? विचारायची पद्धतच नाही तुमच्याकडे. ताप उतरायच्या आत माझी पेटी गाडीत होती. आई, येतेस का, असं कुणी म्हणालं होतं?" मग त्या मास्तरांकडे वळल्या. "आणि तुम्ही दारात उभे राहून गाडी बघत होतात. केवढी आहे, कुठल्या रंगाची आहे. राहा म्हणाला असतात तर मी राहिले असते."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना गाडीचा रंग अजून आठवत होता. सासूबाईंचा त्या वेळचा चेहरा मात्र आठवेना.

"परवा मी घरी जाते," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या दोन खोल्या आहेत अजून. दारात बसलं की येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो. इथे त्या खिडकीतून शहर दिसतं, माणूस दिसत नाही."

मास्तरांना लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण तिच्या खालून, नको नको म्हणताना, दुसरंच काहीतरी वर आलं. साडूच्या हातून सासूबाई सुटल्या होत्या! साडूचं पडलेलं तोंड बघून मास्तरांच्या ओठांचे कोपरे हलले.

"हसू नका," सासूबाई म्हणाल्या. "मी तुमच्याकडे येत नाहीये, माझ्या घरी जातेय. तुम्ही खुशाल या इकडे. नोकरी मिळाली असेल ना? माझी खोली रिकामी होतेच आहे."

मास्तरांनी आधाराला बायकोकडे बघितलं. ती त्या खोलीच्या दाराकडे बघत होती.