वरचा आवाज

"आपलं गा, पण दुसऱ्याचं ऐका," असं म्हणत सर एका कानावर तळहात दाबायचे आणि सूर द्यायचे. असं बजावणारे शिक्षक तुम्हालाही भेटले असतील. आमचे सर मात्र सोलापुरात बसून इटालियन मॅड्रिगल शिकवायचे. आता बोला.

शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक. चार-पाचशे वर्षांपूर्वी तिकडच्या कवींनी मेंढपाळांच्या विरहाच्या कविता लिहिल्या आणि संगीतकारांनी त्या चार-पाच आवाजांत बांधल्या. तेच मॅड्रिगल. प्रत्येकाची चाल वेगळी, गायचं मात्र एकदम. सर आणि काकू तरुणपणी चर्चमध्ये हे शिकले, तिथंच त्यांचं जमलं. वरचा आवाज काकूंचा, खालचा सरांचा.

मग काकूंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. "गाणं कानावर पडलं तर ती गाईल," असं सरांच्या डोक्यात बसलं आणि त्यांनी आम्हाला गोळा केलं. शेजारची नर्स, एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणारा बिरू आणि कॉलेजच्या ऑफिसात खर्डेघाशी करणारी मी. काकूंचा भाग माझ्याकडे आला.

बिरू सांगोल्याकडचा, घरी मेंढरं. मेंढपाळ ओढ्याकाठी बसून प्रेयसीसाठी रडतोय, असा अर्थ सरांनी सांगितला.

"आन् मेंढरं कुटं हायती?" बिरूनं विचारलं.

"कवितेत नाहीत रे."

"मग कसला मेंढपाळ? रडत बसला तर लांडगं न्हेतील की."

सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

गाण्यात 'उसासा' अशा अर्थाच्या इटालियन शब्दाच्या मधोमध चारही आवाज क्षणभर थांबतात. बिरू दर वेळी तिथं दचकून मागं बघायचा. चालता माग गप्प झाला की धागा तुटला, हे त्याच्या अंगात भिनलेलं. "काही तुटलं नाही रे बाबा, उसासा आहे तो," सर समजावायचे.

शेवटी एका रविवारी गाणं कुठंही न अडखळता पार पडलं. खोटं कशाला बोलू, मी जाम खूश होते. सर लगबगीनं आतल्या खोलीत काकूंकडे गेले. बाहेर आले ते खाली मान घालून.

"तू गायला लागलीस की ती भिंतीकडे तोंड करते. मला वाटायचं, झोप लागली. आज उशी भिजलेली दिसली." मग म्हणाले, "तुझी चूक नाही गं. पण ती जागा तिची आहे. तू आता येऊ नकोस."

मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. पुढं ते तिघंच गायचे, वरचा आवाज रिकामा ठेवून. बिरू भेटला की मी विचारायचे, काकू गायल्या का?

"न्हाय ताई. गाणं सपलं तरी सर आतल्या खोलीकडं कान लावून बसत्यात."

उन्हाळ्यात काकू गेल्या. काही दिवसांनी सरांचा फोन आला. "आता ये," एवढंच बोलले.

गेले. मी पहिली ओळ उचलली, तसे सर उठून आत गेले. आम्ही तिघं गात राहिलो. गाणं संपलं तरी ते येईनात, म्हणून मी आत डोकावले. गादी काढलेल्या लोखंडी कॉटवर सर बसले होते.

"तिचा आवाज आठवायला बघतोय गं," ते म्हणाले. "आठवतच नाही. तुझाच ऐकू येतो."

वर्षभरात सरही गेले. तो वरचा भाग मला अजून पाठ आहे. मी तो गात नाही.