तुळईतलं भोक

अरे यार, हे आत्ताच सांगायला पाहिजे, थांबवतच नाहीये! मी सिव्हिलला आहे. आज क्लासमध्ये शिकवलं की तुळईवर वजन आलं की वरची बाजू दबते, खालची ताणली जाते, आणि मधोमध एक रेघ असते ती ना दबते ना ताणली जाते. न्यूट्रल ॲक्सिस! तिथं छोटं भोक पाडलं तरी खास फरक पडत नाही. राजेंद्र नगरला घरी येऊन आजोबांना वाचून दाखवलं. आजोबा रिटायर्ड पोलीस, मध्य भारत राज्य होतं त्या टायमाला इंदूरला फौजदार. ते म्हणाले, "टाइप कर. नाव कोणाचं नको." तर घ्या, त्यांच्याच शब्दांत.

तो प्रसंग अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. कृष्णपुऱ्याजवळ एका धान्याच्या दुकानात सागाची तुळई मोडली. तिला टांगलेला तोलायचा मोठा काटा पोत्यांसकट हमालावर पडला. तो जागीच गेला. दुकानाच्या सेठजींनी ठाण्यात खबर दिली, "साब, सुतार ने बिजली के तार के लिए छेद किया था. वहीं से टूटी." मी पंचनामा केला. भेग खरंच भोकातून गेली होती. देपालपूरच्या त्या सुताराला लॉकअपमध्ये टाकलं. मेलेला हमाल त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. ती ठाण्याच्या दारापर्यंत आली, नवऱ्याकडं न बघता परत गेली.

दोन दिवस मी दरडावलं. तो एकच बोलायचा, "छेद मैंने किया साब. पर लकड़ी नीचे से फटी है."

"बहाने मत बना!"

तिसऱ्या दिवशी दुपारी हवालदार डबा खात होता. सुतार गजांमधून म्हणाला, "भिया, दो ककड़ी दे दो."

"लो, जमाई राजा की फरमाइश!"

सुतारानं एका ककडीत मधोमध आरपार काडी घुसवून काढली. दोन्ही टोकं धरून वाकवली. वाकली, मोडली नाही. दुसरीला खालून नखानं खाच केली. वाकवताच कट्!

मी मुद्देमालातली तुळई उलटी केली. भोकाच्या बरोबर खाली खाच. भोकात काजळी, जाळं. खाच पांढरी, ताजी. पंचनाम्यात मी खालची बाजू बघितलीच नव्हती.

काट्यावर पोती तोलणाऱ्याला बोलावलं. मी खाचेवर बोट ठेवलं, तो रडायलाच लागला. "काँटे की रस्सी सरकती थी साब. सेठजी बोले, नीचे खाँचा कर दे."

सेठजी आत, सुतार बाहेर. पण तो पायरीवरच उभा. "घर कैसे जाऊँ, साब?"

मी वर्दीतच त्याच्यासोबत देपालपूरला गेलो. वाटेत दोन ककड्या घेतल्या. अंगणात त्याच्या बायकोसमोर दोन्ही तशाच, एक भोकाची आणि एक खाचेची, वाकवून दाखवल्या. म्हणालो, "बाई, गलती मेरी थी." तिनं साबूत ककडी उचलली, भोकाकडं बघत राहिली. मग आत जाऊन नवऱ्यासाठी पाणी आणलं.

तेव्हापासून मी डोळ्यांत भरतं त्यावर थांबलो नाही. ओढ कुठं पडते ते आधी बघायचो. हे मला आरोपीनं शिकवलं, तेही मी दोन दिवस त्याचं न ऐकल्यावर.

एवढं सांगून आजोबांनी हळूच विचारलं, "त्या रेघेला नाव पण आहे?"

मी पुस्तकातली ती ओळ परत त्यांच्यापुढं धरली. तुमच्यासोबत झालंय का असं, पुस्तकातली एक ओळ घरी वाचली, आणि समोरच्या माणसानं ती आधीच भोगलेली निघाली?