देव दुपारी निजायचे आणि नेट जायचं

जवळ ये गं सोनू, दारात काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? आणि एवढी इंजिनिअर झालीस, तरी मावशीला फोनवर नुसतं ‘नेट चालत नाही’ सांगतेस? अगं, कधी चालत नाही, ते कोण सांगणार? बस. हेच न विचारल्यामुळे मी पिंपळगाव बसवंतला तीन चकरा मारल्यात.

तेव्हा वायरलेस राउटर नवे होते. राउटर म्हणजे फोनच्या तारेतून आलेलं नेट घरभर हवेतून वाटणारी डबी. मी आधी एसटीडी बूथवर बसले, मग सायबर कॅफे चालवला, आणि बिघडवत बिघडवत शिकले. राउटर बसवायला बाई आली की लोक आधी माझ्या मागे बघायचे, मेकॅनिक कुठाय म्हणून.

पिंपळगावचे एक अण्णा द्राक्षं परदेशी पाठवायचे. कंटेनरचे कागद त्यांची सून मनीषा हॉलमध्ये बसून लॅपटॉपवर करायची. स्वतःच शिकलेली, माझ्यासारखी. दुपारी दोनच्या आत मेल गेली नाही, तर माल बंदरावर अडकायचा. आणि नेट रोज भर दुपारीच जायचं.

मी दोनदा गेले, दोन्ही वेळा सकाळी. राउटर देवघरात होता. दसऱ्याला पूजेला ठेवलेला, तो आक्कांनी, म्हणजे मनीषाच्या सासूबाईंनी, नंतर हलवूच दिला नाही. मी नमस्कार केला, राउटरवरची झेंडूची पाकळी फुंकली आणि लॅपटॉप बघितला. सिग्नल फुल्ल. एकदा सेटिंग बदललं, एकदा अडॅप्टर बदलला. दोन्ही वेळा ऐटीत “झालं!” म्हणून चहा पिऊन नाशिकला परत.

तिसऱ्यांदा अण्णांचाच फोन. “मॅडम, तुमचं यंत्र दुपारी वामकुक्षी घेतं का वो?”

“अण्णा, वायर ओढून देते हॉलपर्यंत.”

“नव्या रंगावर वायर? बिनवायरचं म्हणून तर घेतलं. आज बंद पडलं तर उद्यापासून कागद नाशिकच्या एजंटाकडं. सूनबाईनं मग घर बघावं.”

ते मला लागलं. पहिली एसटी पकडली, आणि नेट जाईपर्यंत हलायचं नाही असं ठरवून हॉलमध्ये ठाण मांडलं.

बारा वाजले. नैवेद्य झाला. सिग्नलच्या पाच काड्या होत्या. एकदम एक झाली. मग तीही गेली.

“ताई, गेलं! बघा, गेलं!” मनीषा ओरडली.

मी मान वळवली. आक्का देवघराची दारं लावून कडी घालत होत्या.

देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडा. आतून तांब्याचा पत्रा, दारांनाही तांब्याचा पत्रा, सगळं नाशिकच्या तांबटाकडून ठोकून घेतलेलं. वायरलेसचा सिग्नल धातूतून जात नाही. दारं उघडी असली की नेट हॉलभर, लावली की पेटीत बंद. आणि माझ्या डोक्यात ते येणार कुठून? माझ्या घरचे देव चोवीस तास ड्युटीवर.

“आक्का, दार उघडता जरा?”

“आत्ताच निजवलेत. चारला उठतील.”

“अगं, कंटेनर थांबलाय!” अण्णा म्हणाले.

“थांबू द्या. देव हायेत ते, हमाल नाय.”

“मग राउटर तेवढा बाहेर काढू?” मी विचारलं.

“दसऱ्याला बसवलाय. असा उठवायचा नाय.”

दीड वाजला. मनीषा माझ्याकडे बघत होती. सेटिंगमध्ये याला उत्तर नव्हतं.

“बरं, राहू द्या,” मी म्हटलं. “पण आक्का, देवांना निजवता, आणि उशाशी हे हिरवे दिवे लुकलुकत ठेवता? तुम्हाला तरी झोप लागेल का?”

आक्का हळूच दार किलकिलं करून आत डोकावल्या.

“अगं बाई! डोळ्यावरच येतंय की त्यांच्या! दोनदा आलीस, चहा पिऊन गेलीस, हे सांगायचं नाय तुला?”

राउटर त्यांनी स्वतः बाहेर काढला. मी तो टीव्हीच्या कपाटावर जोडला. दोनला दहा कमी असताना मेल गेली.

अण्णा खाकरले. “मग त्या एजंटाला काय सांगू?”

मनीषाने मान वर केली नाही. “सांगा, जागा भरलीय.”

बिघाड शोधताना यंत्राच्या आधी घराचं वेळापत्रक विचारावं. कोण किती वाजता कुठलं दार लावतं, हे मॅन्युअलमध्ये छापलेलं नसतं.

निघालीस लगेच? डबा घे तो. आणि येत्या रविवारी ये गं परत. काही बिघडायची वाट बघू नकोस, नुसती बसायला ये.