मालकांच्या गावची डिन्ह

जगात इमारत अशी एकच आहे, बाकी सगळी पत्र्याची शेडं, असं मनापासून मानणारा माणूस मी जर्मनीतल्या एर्लांगेन गावात पाहिला. आमचे मालक. व्हिएतनामचे, साठीला टेकलेले. मी ज्या हॉटेलात भांडी घासायला आलो ते बंद पडलं, तेव्हा नववीत शाळा सोडलेल्या मला "शिकलास किती?" असं न विचारता यांनी आपल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात घेतलं. ते उपकार फिटायचे नाहीत, म्हणून मी ती इमारत पाठ केली.

त्यांच्या गावची डिन्ह म्हणजे आपली चावडी, ग्रामदेवतेचं देऊळ आणि पंगतीची जागा एकाच छपराखाली. कवेत न मावणारे लाकडी खांब, जमिनीपासून उचललेली फळ्यांची बैठक, होडीच्या नाकासारखे वर वळलेले छपराचे कोपरे. तुळयांवर ड्रॅगन, आणि त्यांच्या शेजारी कुस्ती खेळणारे शेतकरी. लढाईच्या दिवसांत तिथं भाताची पोती रचली, तेव्हा देव म्हणे निमूट पोत्यांमागं बसला. खिळा मात्र एकही नाही. "खिळा मारला की सुतार हरला!" मी मोडकं शेल्फ खिळ्यानं जोडलं, तर दिवसभर अबोला.

तिथं मानाच्या चटईवर वयानं बसतात, म्हणून हे गिऱ्हाइकांनाही तसंच बसवायचे. एका जर्मन बाईंना आतलं टेबल देत म्हणाले, "या, इथं तुम्हीच सगळ्यांत वडील!" बाई कोट उचलून चालत्या झाल्या. "मान दिला तर रागावल्या?" मालक थक्क.

साठी झाली की गावी जाऊन त्या चटईवर बसायचं, एवढीच त्यांची आस होती. खांबांना वाळवी लागल्याचं कळलं आणि त्यांनी गावी राहणाऱ्या पुतण्याचा पिच्छा पुरवला, "काहीही करा, पण वाचवा रे!" गावानं वाचवली. फोटो आला: सिमेंटचे खांब, त्यांना लाकडाचा रंग, खाली चकचकीत फरशी. पाठोपाठ पुतण्याचा फोन.

"काय म्हणतो पुतण्या?" मी मालकांना विचारलं.

"म्हणतो, आता वाळवीच्या बापालाही दात लावता येणार नाहीत."

"मग तुम्ही?"

"छान केलंस म्हणालो. आल्झो, म्हणजे आता काय म्हणणार? पोरगं माझ्यासाठीच उन्हात राबलं."

"देव तर तोच आहे ना?" मी चाचरत विचारलं.

"देवाला चालेल रे. त्याला कुठं परत जायचंय?"

गावी जायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्या रविवारी मी आईला फोन लावला. ती हौसेनं सांगत होती, "अरे, घर पार नवं केलंय. आलास तर ओळखायचा नाहीस!"

"छान केलंत," मी म्हटलं. फोटो तेवढा पाठवू नका, हे ओठांवर आलं होतं.