हवेचं भोक

तिच्या नाकावर राग असतो, असं लोक म्हणत. खोटं. तिचा राग हातात होता. पाना ठेवायचा तर ती आपटायची, शटर उघडायचं तर ओरबाडायची, आणि जुन्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला उचलणारा तेलाचा सिलिंडर उघडायला घेतला की एखाद्या लबाडाची उलटतपासणी चालू आहे असं वाटायचं. गल्ली तिला वहिनी म्हणे, आणि वहिनीच्या हातात घन असतो हे लक्षात ठेवून बोले.

सिलिंडर दुरुस्तीचं हे काम सासऱ्यांनी शिकवलं. चौदा वर्षांपूर्वी तिचा नवरा पुढून उचलून उभ्या केलेल्या ट्रॉलीखाली ग्रीस भरत होता. टेकू लावला नव्हता. एका मिनिटाचं तर काम. ट्रॉली खाली आली आणि त्याचा डावा हात मनगटापासून गेला. घरातले म्हणाले, नशीब. सासऱ्यांनी त्या ट्रॉलीचा फुटका सिलिंडर आणून तिच्यापुढे ठेवला. "नशीब बघायचंय? उघड."

तिने उघडला. जुन्या ट्रॅक्टरला तेलाची एकच नळी. तेल आत जातं, दट्ट्याला वर ढकलतं, ट्रॉली उभी राहते. खाली येते ती स्वतःच्या वजनाने, तेच तेल त्याच नळीतून माघारी लोटत. दट्ट्याच्या वरच्या बाजूला नुसती हवा, आणि त्या हवेला ये-जा करायला एक भोक. दट्ट्याभोवतीचं रबरी सील झिजलं की त्याच भोकातून तेल ठिबकतं. ठिबकणं म्हणजे सिलिंडरची तक्रार. ऐकणाऱ्याने ऐकावी.

त्या सिलिंडरची तक्रार कुणीतरी बोल्ट ठोकून बंद केली होती. झिरपलेलं तेल वर कोंडलं, आणि एक दिवस सिलिंडरचं तोंड उडवून बाहेर पडलं; ट्रॉलीचा आधारच गेला. बोल्टवर सायकलच्या ट्यूबची पट्टी होती, उलटी गुंडाळलेली, वरून तांब्याच्या तारेने आवळलेली. "हे कुणी केलं?" सासऱ्यांनी विचारलं. दिराने नकारार्थी मान हलवली. नवरा छताकडे बघत राहिला. तिने बोल्ट नट-वायसरच्या डब्यात टाकला आणि शिकायला बसली.

तेव्हापासून आल्या-गेल्या ड्रायव्हरला तिचे दोनच प्रश्न. भोक उघडं आहे का? टेकू कुठाय?

आज दुपारी दीर आला, ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन. शेजारी मडगार्डवर धाकटी जाऊ, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेली.

"वहिनी, ट्रॉली अर्ध्यावरच अडतेय. पंप गेला बहुतेक."

"टेकू कुठाय?"

"घरी आहे."

"घरी काय करतोय? झोपलाय?"

दीर हसला. ती हसली नाही. तिने ट्रॉली खाली टेकवली, सिलिंडर सोडवून बाकावर घेतला आणि वरचा चिखल खरवडला. भोकात बोल्ट होता. बोल्टवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, उलटी गुंडाळलेली, वरून तांब्याची तार.

तिने वायसरचा डबा बाकावर उपडा केला, चौदा वर्षांपूर्वीचा बोल्ट शोधला आणि नव्याच्या शेजारी ठेवला. जुळे भाऊ.

"भावजी, हा कुणी बसवला?"

"कुणी म्हणजे? मीच. ठिबकत होतं सारखं, सगळा माल तेलकट..." मग त्याला दुसरा बोल्ट दिसला.

कोपऱ्यात नवरा एका हाताने सील पुसत होता. तो हात थांबला.

"मी लहान होतो तेव्हा," दीर म्हणाला.

"चोवीस वर्षांचे होतात. मिशी होती चांगली."

"घाबरलो, वहिनी. दादाचा हात बघून तोंडच उघडेना."

"ते समजलं. पण आज? त्या हाताकडे रोज बघता ना? मग तेच भोक पुन्हा कसं बुजवलंत?"

दीर जमिनीकडे बघत पुटपुटला, "मागच्या वेळी पट्टी सैल राहिली असेल, असं वाटलं. या वेळी घट्ट बसवली."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षांत, एका हाताच्या किमतीत, हा माणूस एवढंच शिकला होता. घट्ट बसवायला.

"मला माहीत होतं," नवरा कोपऱ्यातून म्हणाला. "डावखुऱ्याची गुंडाळी. घरात डावखुरा हा एकटाच. मी तेव्हाच ओळखली."

ती वळली. "आणि गप्प बसलात?"

"हात गेलाच होता. भाऊ कशाला घालवायचा?"

"अहो, ट्रॉलीखाली ग्रीस भरायला कोण सरकतं, ठाऊक आहे? विचारा तिला!"

"मी," जाऊ म्हणाली. "बारीक आहे म्हणून." मग कपाळावर आठ्या आणून, "ताई, हा बोल्ट म्हणजे... मी खाली असताना?"

"हो. तू खाली असताना."

चौदा वर्षं तिचा राग पान्यांवर आणि शटरवर निघत होता आणि पत्ता चुकत होता. खरा पत्ता याच घरातला होता, आणि तो दोघा भावांना पाठ होता.

तिने सील बदललं. शिव्या देता आल्या असत्या, पण सील शिव्या देत बसवलं तर तिरकं बसतं. दट्ट्याला अर्ध्यावर अडवणारं कोंडलेलं तेल काढलं, भोक साफ केलं, त्यावर धूळ अडवणारी जाळीची टोपी बसवली, सिलिंडर चढवला. मग ट्रॉली उभी केली. या वेळी पूर्ण उभी राहिली. कोपऱ्यातला लोखंडी टेकू तिने स्वतः ओढत आणला आणि लावला.

"जा, भावजी. भरा ग्रीस."

"तीच भरते नेहमी."

जाऊने ग्रीसगन त्याच्या पोटावर टेकवली. "आज तुम्ही."

तो खाली वाकला, वर बघितलं, पुन्हा उभा राहिला. टेकू असूनही त्याचा पाय पुढे पडेना. मग जाऊच्या तोंडाकडे बघून तो पाठीवर झोपला आणि सरकत आत गेला. बाहेर राहिले फक्त बूट.

"वहिनी," आतून आवाज आला, "आहात ना तिथेच?"

"आहे. तुम्ही बाहेर येईपर्यंत लीव्हरला कुणी हात लावणार नाही. बाहेर आलात की मग बघते तुमच्याकडे." आणि मागे न वळता ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही कुठे निघालात? तुमचा नंबर त्यांच्यानंतर."