राखेतले उडीद

जव्हार संस्थान विलीन झालं त्यानंतर दोनेक वर्षांनी मी संगमनेरकडून तिथे आलो. आलो तो डोक्यावर ॲल्युमिनियमच्या भांड्यांचं गाठोडं घेऊन. बाजारात बाजूला दुकानं थाटलेले लोक मला ‘घाटावरचा’ म्हणत. त्याचं मला काही वाटत नसे. डाचत होते ते सासऱ्यांचे शब्द. बायकोला इकडे आणायला गेलो, तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, “फेरीवाल्याला पोर दिली. आता जंगलात उपाशी मारील तिला.”

आणि खरंच ती उपाशी राहू लागली. चौथा महिना होता. इथला भात पुढे आला की तोंड फिरवायची, नाचणीच्या भाकरीचा वास आला की उठून परसात पळायची. डोळे खोल गेले, उभी राहिली की भिंत धरायची. एकच मागणं होतं: उडदाचं घुटं. काळे उडीद भाजून, भरडून, शिजवून घोटलेले, वर लसूण-मिरचीची फोडणी. आमच्याकडे रोजचं जेवण ते! जव्हारच्या दुकानातून उडीद आणले, तर त्यात भुंगे. ती दोन घास खाऊन ओकली.

सासुरवाडीला निरोप धाडला असता तर पोतंभर उडीद आले असते. पण तो निरोप माझ्या हातून जाणार नव्हता.

कोणी सांगितलं, जवळच्या साखरशेत गावात नवे उडीद निघालेत. पहाटे निघालो. एका घराच्या अंगणात पाटीभर उडीद वाळत होते, काळेभोर, चकचकीत. एक बाई सुपानं त्यातला कचरा पाखडत होती. मी भाव विचारला.

“नाय शेट. नवं हाय. देवाला दावलं नाय आजून.”

असल्या सबबी मी रोज ऐकत होतो. भाव वाढवला. तिनं मान हलवली. वर एक पातेलं देऊ केलं. तिनं ते बोटानं वाजवून पाहिलं आणि परत ठेवलं.

मग मी आमचा नेहमीचा डाव टाकला. गाठोडं उचललं आणि कुंपणाकडे हळूहळू चालू लागलो. गिऱ्हाईक असं निघालं की विकणारा हाक मारतोच. कुंपण आलं, ओलांडलं. हाक आली नाही. मागे सुपाचा आवाज तसाच चालू.

माझं डोकं फिरलं. तसाच परत वळलो. “तिकडं माझी बायको अन्नाला महाग झालीय, चौथा महिना आहे तिला, आणि तुला देवाचं पडलंय?”

सूप थांबलं. “दोन जिवांची हाय? मंग तं आजिबात नाय. देवाआदी तिच्या पोटात गेलं न् काय झालं, तं कोनाला धरशील? मलाच ना?”

मी गाठोडं उतरवून तिथेच ओट्यावर बसलो. रिकाम्या हातानं घरी कसा जाणार होतो?

“जुनं चालंल का?” ती म्हणाली.

“आहे?”

“हाय तं. पेरून उरलेलं. तू इचारलंस कवा? आल्यापून नव्यालाच चिकटलास.”

तिनं आतून मडकं आणलं. राखेत ठेवलेलं बियाणं. हात घातला, राख झटकली; एकही दाणा पोखरलेला नव्हता. आणि मी, सवयीचा गुलाम, म्हणालो, “जुने आहेत, थोडा भाव कमी कर.”

ती खो खो हसली. “बायको मरतेय का भाव?”

सांगितलेला भाव मोजला. आयुष्यात क्वचितच असा मोजला असेल.

घरी येऊन मीच उडीद धुतले, भाजले, घोटले. वाटी तिच्या हातात दिली आणि परसाचं दार उघडून बाजूला उभा राहिलो, ती पळत आली तर वाट मोकळी असावी म्हणून. कान आतच होते. मग वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“आपल्याकडच्यासारखं नाही झालं,” ती आतून म्हणाली. “राखेचा वास येतोय.”

मी चिडून आत गेलो. ती रिकाम्या वाटीतून बोट फिरवत होती.

“उरलंय का थोडं?”