लाल रेघ

कोपनहेगनच्या शीतगृहात, उणे अठरा अंशांत, बोडिल क्रागेलुंड एकतीस वर्षं करवत चालवतेय. ग्रीनलँडमधून खणून आणलेला बर्फ ती कापून देते आणि त्यातल्या बुडबुड्यांत कोंडलेली हजारो वर्षांपूर्वीची हवा शास्त्रज्ञ मोजतात. त्याआधी ती खाटकाच्या दुकानात होती. सुरी लावण्याआधी हाड कुठे आहे ते कळलं पाहिजे, हे ती तिथेच शिकली.

त्या मंगळवारी ती बाहेर बसून काळ्या पावावर लिव्हरची पेस्ट लावत होती, तेवढ्यात नवा शास्त्रज्ञ येप्पे धापा टाकत आला.

"बोडिल, नऊ हजार वर्षांपूर्वीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड एकदम दुप्पट निघाला. हे आजवर कुणालाच सापडलं नव्हतं."

"तुकडा तूच कापलास? कुठून?"

"तू लाल रेघ मारली होतीस ना, तिथूनच."

बोडिलने पाव खाली ठेवला. आत जाऊन तिने उरलेला तुकडा दिव्यासमोर धरला. सगळा बर्फ बुडबुड्यांनी दुधाळ दिसत होता, फक्त रेघेपाशी बोटभर पट्टा काचेसारखा नितळ होता.

"इथला बर्फ त्या काळीच वितळून पुन्हा गोठलाय. त्या पाण्याने हवेतला जास्तीचा वायू पिऊन घेतला, म्हणून तुझा आकडा फुगला. लाल रेघ म्हणजे इथे करवत लावायची नाही, शहाण्या."

"मग माझा शोध?"

"दोन बोटं वर काप. खरी हवा तिथे आहे."

येप्पेचा चेहरा उतरला. बोडिलने तुकडा त्याच्या हातात दिला.

"तोंड पाडू नकोस. नऊ हजार वर्षांपूर्वी ग्रीनलँडच्या बर्फावर कडक ऊन पडलं होतं, हे आज फक्त आपल्या दोघांना माहीत आहे."